बडोद्याच्या घरासाठी पोर्टेबल पॉवर स्टेशन निवडताना

पोर्टेबल पॉवर स्टेशन म्हणजे लिथियम बॅटरी, तिचा चार्जर आणि २३० व्होल्टचा पुरवठा देणारा इन्व्हर्टर हे सारे एकाच उचलता येणाऱ्या पेटीत बसवलेले उपकरण. बाजारात ही पेटी २०० वॅट-अवरपासून २,००० वॅट-अवरच्याही पुढे मिळते आणि किमतींतही तसेच अंतर असते. त्यामुळे कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न ग्राहकाने सर्वांत शेवटी विचारावा. घरातील वीज साधारण किती वेळ जाते आणि तेवढ्या वेळात नेमके काय चालू राहिलेच पाहिजे, हे आधी ठरवावे.

बडोदे शहरातला वीजपुरवठा एरवी बराच सुरळीत असतो. दुरुस्तीसाठी किंवा वादळी पावसात अर्धा-पाऊण तास वीज जाते, एवढीच अडचण असेल आणि घर स्वतःचे असेल, तर नेहमीचा इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी हाच स्वस्त उपाय आहे. त्यासाठी पॉवर स्टेशन घेणे म्हणजे विनाकारण जादा पैसे मोजणे होय. पॉवर स्टेशनला खरा अर्थ येतो तो तीन ठिकाणी: वायरिंगला हात लावता येत नाही अशा भाड्याच्या घरात, विजेची सोय नसलेल्या जागी होणाऱ्या छोट्या कार्यक्रमात आणि पुरात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा अनेक सखल वस्त्यांतील वीज सुरक्षिततेसाठी बंद ठेवावी लागली होती. अशा वेळी तळमजल्यावर जिन्याखाली ठेवलेली पन्नास-साठ किलोची बॅटरी वर नेणे जवळजवळ अशक्य असते, तर हजार वॅट-अवरचे दहा ते पंधरा किलोचे पॉवर स्टेशन एक माणूस जिना चढून नेऊ शकतो.

पेटीवर दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापलेले असतात आणि दुकानात त्यांचीच सर्वाधिक गल्लत होते. वॅट हा आकडा एका वेळी किती भार पेलेल ते सांगतो, तर वॅट-अवर हा आकडा आत किती वीज साठलेली आहे ते सांगतो. वीजबिलातील एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर, हे लक्षात ठेवले की दुसरा आकडा लगेच ओळखीचा होतो: हजार वॅट-अवरच्या पेटीत कागदोपत्री एक युनिट वीज असते. काही स्वस्त उत्पादनांवर केवळ मिलीअँपिअर-अवरचा भलामोठा आकडा असतो. तो बहुधा ३.७ व्होल्टच्या हिशेबाने दिलेला असतो, म्हणून ६०,००० मिलीअँपिअर-अवर म्हणजे प्रत्यक्षात सुमारे २२२ वॅट-अवर एवढेच निघतात. वॅट-अवर कोठेच छापलेले नसतील, तर ती वस्तू तेथेच ठेवून यावी.

आता हिशेब. समजा कारेलीबागेतील दुसऱ्या मजल्यावरील चौघांच्या कुटुंबाला दहा तासांची एक रात्र काढायची आहे. एक बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, ३० वॅटप्रमाणे दहा तास चालला तर ३०० वॅट-अवर लागतात. नऊ वॅटचे तीन एलईडी दिवे पाच तास लावले तर १३५, दहा वॅटचा राउटर रात्रभर चालू राहिला तर १००, चार मोबाइल एकेकदा पूर्ण चार्ज करण्यास सुमारे ८० ते १०० आणि ५० वॅटच्या लॅपटॉपवर तीन तास काम केले तर १५०. बेरीज साधारण ७८० होते. मात्र बॅटरीतील वीज २३० व्होल्टमध्ये बदलताना दहा-पंधरा टक्के वाया जाते, म्हणून या बेरजेला ०.८५ ने भागावे. उत्तर सुमारे ९२० येते, म्हणजे या घराला हजार वॅट-अवरची पेटी पुरते. एकाच वेळचा भार मात्र २०० वॅटच्याच आसपास आहे, त्यामुळे १,८०० किंवा २,००० वॅटचा इन्व्हर्टर असल्याची जाहिरात पाहून या कुटुंबाने जादा रक्कम मोजण्याचे कारण नाही.

हाच हिशेब जुन्या ७५ वॅटच्या पंख्याने केला, तर पंख्याचेच ७५० वॅट-अवर होतात आणि पेटी जवळजवळ १,४५० वॅट-अवरची लागते. बीएलडीसी पंख्याची किंमत आणि पेटीच्या या दोन आकारांतील फरक समोरासमोर ठेवून पाहावा. माझ्या मते पॉवर स्टेशन घेण्याआधी झोपण्याच्या खोलीतील पंखा बदलणे ही या सगळ्या खरेदीतील सर्वांत शहाणपणाची पायरी आहे, आणि तिचा फायदा एरवीच्या वीजबिलातही दिसतो.

उष्णता निर्माण करणारी उपकरणे या हिशेबातून सरळ वगळावीत. इस्त्री, गिझर, इंडक्शन शेगडी आणि विजेची किटली हजार ते दोन हजार वॅट घेतात, म्हणजे एक युनिटची पेटी इंडक्शनवर अर्ध्या तासाच्या आसपास रिकामी होते. गॅस घरात असताना ही चैन कशासाठी? मोटर असलेल्या उपकरणांची अडचण वेगळी असते. फ्रिज चालताना शंभर-दीडशे वॅटच घेतो, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट भार येतो. म्हणून फ्रिज चालवायचा असेल तर पेटीचा सर्ज किंवा पीक वॅटचा आकडा वेगळा पाहावा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे नवे फ्रिज सावकाश सुरू होतात, त्यांना हा त्रास कमी. शिवाय दार बंद राहिले तर फ्रिज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो, त्यामुळे तेवढ्यापुरती वीज गेल्यास त्याला जोडण्याची गरजच नसते. खंड त्याहून लांबल्यास मधूनमधून तासभर चालवावा. सोसायटीच्या पाण्याच्या पंपाचा विचार मात्र मनातून काढून टाकावा. एक अश्वशक्तीचा पंपही चालताना हजार वॅटच्या आसपास आणि सुरू होताना त्याच्या अनेक पट मागतो. टाकी भरून ठेवणे हाच तेथे उपाय.

घरात आजारी माणूस असेल तर हिशेब अधिक काटेकोर करावा लागतो. पाच लिटरचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० ते ३५० वॅट घेतो, म्हणजे आठ तासांत अडीच हजार वॅट-अवरच्या वर जातो. हजाराची पेटी त्याला तीन तासही पुरत नाही. अशा घरी पॉवर स्टेशन हा भरलेला सिलिंडर आणून होईपर्यंतचा आधार आहे, सिलिंडरचा पर्याय नव्हे, आणि काय पुरेसे आहे हे डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

बॅटरीच्या प्रकारात लिथियम आयर्न फॉस्फेट निवडावी. ती तेवढ्याच क्षमतेच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या लिथियम बॅटरीपेक्षा जड असते, परंतु तीन हजार किंवा त्याहून अधिक वेळा चार्ज झाल्यावरही सुमारे ८० टक्के क्षमता टिकवते, तर एनएमसी बॅटरीसाठी हा आकडा बहुधा पाचशे ते हजार एवढाच सांगितलेला असतो. तापल्यावर पेट घेण्याचा धोकाही फॉस्फेटमध्ये कमी आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या शहरात हा मुद्दा वजनापेक्षा मोठा ठरतो. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखीच सुरळीत लहर देणारा आहे याची खात्री करावी; तसे नसेल तर पंखे गुणगुणतात आणि मोटर तापतात. संगणक जोडायचा असल्यास वीज गेल्यावर पेटी किती मिलिसेकंदांत भार उचलते ते विचारावे. वीसच्या आत असेल तर संगणक सहसा बंद पडत नाही.

पुन्हा चार्ज कसे करणार, हा प्रश्न खरेदीच्या वेळी बहुतेकांना सुचतच नाही. विक्रेता सोबत शंभर वॅटचे सौर पॅनेल सुचवील. स्वच्छ उन्हात त्यातून साठ-सत्तर वॅट मिळतात; पण वीज दीर्घकाळ जाते ती नेमकी भर पावसाळ्यात, आणि ढगाळ आभाळाखाली तेच पॅनेल त्याचा लहानसा अंशच देते. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटमधून सुमारे शंभर वॅट मिळतात, म्हणजे हजाराची पेटी भरण्यास दहा-एक तास इंजिन चालू ठेवावे लागेल, तेही गाडी कोरड्या जागी असेल तर. म्हणून पुरासाठी घेणाऱ्याने सौर पॅनेलवर खर्च करण्याऐवजी तीच रक्कम मोठ्या बॅटरीत घालावी आणि पावसाचा इशारा आला की पेटी भरून ठेवावी.

बडोद्यातील अनेक घरांतील मंडळी परदेशी असतात, म्हणून एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेतून पॉवर स्टेशन मागवू नये. तेथील पेटी ११०-१२० व्होल्टचा पुरवठा देते, आपली उपकरणे २३० व्होल्टची आहेत. आणि १६० वॅट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेताच येत नाही.

पेटी घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती पूर्ण भरून, यादीतील सर्व उपकरणे जोडून रिकामी होईपर्यंत चालवावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. हिशेबाशी मोठी तफावत आढळली तर बदलून घेण्याची मुदत तेव्हा अजून शिल्लक असते. मोबाइल आणि लॅपटॉप यूएसबी सॉकेटवरच चार्ज करावेत, कारण २३० व्होल्टचा भाग नुसता चालू राहिला तरी तो स्वतःच दहा-वीस वॅट खातो. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर वापरून पेटीची वीज भिंतीच्या सॉकेटमधून घरभर फिरवण्याचा प्रयोग कोणीही करू नये. ती वीज मागे लाइनवर गेली, तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. एरवी पेटी वरच्या मजल्यावर, उन्हापासून दूर, निम्म्याहून अधिक भरलेली ठेवावी, दर तीन महिन्यांनी तपासावी आणि जून लागताच शंभर टक्के भरावी.