भर उन्हासाठी फ्लॅश घेताय? या चुका टाळा

मे महिना, सकाळचे साडेअकरा, पानशेतच्या अलीकडे पाण्याकाठी प्री-वेडिंगचं शूट. मुलगी पिवळ्या पैठणीत, मुलगा कुर्त्यात, मागे पाणी लखलखतंय. स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश) मोठ्या सॉफ्टबॉक्समध्ये (प्रकाश मऊ करणाऱ्या कापडी पेटीत) घालून अडीच मीटरवर उभा केला होता. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढला, मग फुल पॉवरवर दुसरा. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक शोधावा लागत होता. फ्लॅश बिघडला असं वाटून मी आधी ट्रिगरचे (दूरचा फ्लॅश उडवणाऱ्या रिमोटचे) सेल बदलले. पण बिघाड कशातच नव्हता. खरेदीच्या वेळी हिशेबच केला नव्हता.

सगळ्यांची पहिली चूक हीच, खोक्यावरच्या गाइड नंबरवर विसंबून राहण्याची. गाइड नंबर म्हणजे फ्लॅशची पोहोच सांगणारा आकडा, त्याला अपर्चरने भागलं की मीटरमधलं अंतर मिळतं. तिथे 60 लिहिलेलं असतं, पण बहुतेक वेळा ते फ्लॅशचं डोकं 200 मिमीवर झूम केल्यावरचं असतं. तोच फ्लॅश 35 मिमीवर साधारण 36 भरतो. आता उन्हाकडे बघा. लख्ख उन्हात आयएसओ 100 आणि शटर 1/200 ठेवलं की अपर्चर (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तेवढं छिद्र मोठं) जवळपास एफ/11 येतं. 36 भागिले 11, म्हणजे सव्वातीन मीटर. उघडा फ्लॅश इतक्या अंतरापर्यंत उन्हाची बरोबरी करतो. सॉफ्टबॉक्स लावला की दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) सहज जातात आणि अंतर निम्म्यावर, दीड मीटरच्या आसपास येतं. त्यावर हाय स्पीड सिंक (खूप वेगवान शटरवरही फ्लॅश चालू देणारी सोय) चालू केलंत की आणखी दोन स्टॉप गेले. उरलं पाऊण-एक मीटर, म्हणजे सॉफ्टबॉक्स जवळजवळ नवरीच्या खांद्याला टेकवायचा. माझं पानशेतला हेच झालं होतं.

म्हणून मोठ्या फ्लॅशची तुलना करताना वॅट-सेकंद, म्हणजे फ्लॅशची ऊर्जा, बघा. नेहमीचा स्पीडलाइट साधारण 75 वॅट-सेकंदांचा असतो. ताकद दुप्पट झाली की मिळतो फक्त एक स्टॉप. त्यामुळे 200 वॅट-सेकंदांवर गेलात तर जवळपास दीड स्टॉप वाढतो, 600 वर गेलात तर तीन. 400 आणि 600 मध्ये मात्र अर्ध्या स्टॉपहून थोडाच जास्त फरक आहे, आणि तेवढ्यासाठी पैसे आणि वजन दोन्ही वाढतं. गोडॉक्सच्या एडी 600 प्रोचं वजन सुमारे 3 किलो. तो घेऊन सिंहगडाची पायवाट चढायची असेल तर आधी पाठीला विचारा. एकटे काम करत असाल आणि बहुतेक वेळा एक-दोन माणसांचेच फोटो काढत असाल, तर मी 200 वॅट-सेकंदांचा फ्लॅश आणि त्याच्या तोंडावर बसणारा साधा रिफ्लेक्टर सुचवेन. घोळक्याचे फोटो किंवा मोठा सॉफ्टबॉक्स रोजचाच असेल तर 400 च्या खाली जाऊ नका.

दुसरी मोठी चूक हाय स्पीड सिंकची. मागचं धूसर हवं म्हणून एफ/2.8 लावलं की उन्हात शटर 1/3200 वर जातं. सिंक स्पीडच्या (फ्लॅश नेहमीसारखा चालतो त्या सर्वांत वेगवान शटरच्या) आत शटर वाढवलं तर ऊन कमी होतं आणि फ्लॅश तसाच राहतो. त्याच्या पुढे मात्र फ्लॅशला शटरचा सगळा प्रवास पुरावं म्हणून तुकड्यातुकड्यांत प्रकाश सोडावा लागतो. मग शटरचा प्रत्येक स्टॉप दोघांनाही सारखाच कापतो. उन्हावर मात होत नाही, बॅटरी तेवढी उडते. यापेक्षा चार स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्सवरची प्रकाश कापणारी गडद काच) लावा, शटर 1/200 वर राहू द्या, एफ/2.8 ठेवा. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही कापतो हे खरं, पण उघडलेलं अपर्चर तेवढंच परत देतं आणि हाय स्पीड सिंकचे दोन स्टॉप वाचतात.

आयएसओ वाढवून काही साधत नाही, त्याने ऊनही वाढतं.

पुण्यात एक गोष्ट फार महत्त्वाची. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवसांत साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख बसतो. अशा वेळी चेहरा उजळायला फ्लॅश हवाच. पण शक्य असेल तिथे नऊच्या आधी किंवा चारनंतर जा आणि माणसांची पाठ सूर्याकडे करा. सावलीतल्या चेहऱ्यावर ऊन नसतंच, त्यामुळे फ्लॅशने ऊन गाठायची गरज उरत नाही. एखादा स्टॉप कमी मिळाला तरी चेहरा छान उठतो. फ्लॅशही जवळ आणा. अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो, आणि याला एक रुपयाही लागत नाही.

वेताळ टेकडीवर वारा सुटला की सॉफ्टबॉक्स शिडासारखा फुगतो. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी हवीच, नाहीतर शेजारी धरायला माणूस. सतत फुल पॉवर मारली की फ्लॅश तापून स्वतःच थांबतो. बिघडला म्हणून घाबरू नका, सावलीत ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. फोटोच्या एका कडेला काळी पट्टी दिसली तर शटर सिंक स्पीडच्या पुढे गेलंय आणि ट्रिगरवर हाय स्पीड सिंक बंद आहे.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली प्रत्येक फ्लॅश जोरदार वाटतो. घेण्याआधी तोच एक दिवस भाड्याने आणा, तुमचाच सॉफ्टबॉक्स लावा आणि दुपारी बाराला सोसायटीच्या गच्चीवर घरातल्या कुणाला तरी दोन मीटरवर उभं करा.