फर्मवेअरमध्ये साधा 'इंट' नको

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये सी भाषेतला तोच मोटर-कोड (फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच भरलेला प्रोग्राम) जुन्या एव्हीआर चिपच्या बोर्डावर चालतो आणि नव्या कॉर्टेक्स-एम या एआरएम चिपवरही. म्हणून नव्या पोरांना आधीच सांगतो: रजिस्टर (चिपमधल्या नियंत्रणाच्या जागा), पॅकेट, ईईप्रॉम (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), जिथे बिट ठरलेले आहेत तिथे साधा 'इंट' (int, पूर्णांकाचा नेहमीचा प्रकार) दिसता कामा नये. एव्हीआरवर तो १६ बिटांचा, कॉर्टेक्सवर ३२. 'लाँग' (long) या मोठ्या पूर्णांकाचं तर विचारूच नका: ६४ बिटी विंडोजवर ३२, लिनक्सवर ६४! सी९९ (सी भाषेचं १९९९चं प्रमाण) पासून 'स्टडइंट डॉट एच' (stdint.h) ही हेडर फाइल आहे. त्यातले यूइंट८_टी, यूइंट१६_टी, यूइंट३२_टी घ्या; नावातला आकडा म्हणजे बिट. मेमरीतला पत्ता आकड्यात ठेवायचा असेल तर यूइंटपीटीआर_टी.

खरी गोम स्थिरांकांत आहे. मिनिटाचे मिलिसेकंद म्हणून ६० * १००० लिहायचं आणि डावीकडे यूइंट३२_टी आहे म्हणून निर्धास्त राहायचं, हे चालत नाही. गुणाकार आधी इंटमध्येच होतो, आणि १६ बिटी इंट ३२७६७ ला संपतो. यूइंट३२_सी(६०) * १००० लिहा; स्टडइंटमधला हा मॅक्रो आकडा सुरुवातीपासूनच किमान ३२ बिटी, बिनचिन्ही करतो. सर्वांत वरचा बिट हवा असेल, म्हणजे १ डावीकडे ३१ घरं सरकवायचा असेल, तेव्हाही १ << ३१ नको, यूइंट३२_सी(१) << ३१.

कच्च्या बाइटसाठी 'चार' (char, अक्षराचा प्रकार) टाळा. एआरएमच्या जीसीसी कंपायलरमध्ये तो बिनचिन्ही (उणे आकडे नसलेला), इंटेलवर चिन्हासहित. लूपमधला फेऱ्या मोजणारा छोटा 'आय' इंट राहिला तर मी भांडत नाही.