‘राहू द्या, लागेल तुम्हाला’ : दृष्टिहीन गाडीवेड्यांनी बोनेट उघडण्यापूर्वी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरी काठी भिंतीला टेकवून बोनेट उघडलं की पाच मिनिटांत कोणीतरी येतंच. एक जण चौकशी करतो, दुसरा न विचारता मोबाइलचा टॉर्च मारतो, तिसरा हातातला पाना काढून घेतो. खरा त्रास या तिसऱ्याचा. टोमणा कानाआड करता येतो, पण ‘मदत’ म्हणून सरकवलेली गोटी (पान्याच्या टोकाला बसणारं सॉकेट) शोधण्यात अर्धा तास जातो, आणि त्याने आवळलेला नट किती आवळला गेला हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून लोकांना समजावण्याआधी कामाची मांडणी बदला.

गोट्या रेलवर आकाराच्या क्रमाने लावा: १०, १२, १४, १७, १९ मिलिमीटर आणि गाडीप्रमाणे १६ किंवा २१ चा स्पार्क प्लगचा पाना. छोट्या पेट्रोल गाडीचं बहुतेक काम यात निघतं. सोडवलेले बोल्ट अंड्यांच्या ट्रेमध्ये, सोडवल्याच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे. बसवताना उलटं यायचं. पहिला माणूस जवळ आला की लगेच एकच गोष्ट सांगा: “ट्रेला हात लावू नका. काही पडलं तर उचलू नका, कुठे पडलं ते सांगा.” चेहरा आवाजाच्या दिशेला ठेवून, हसून, पण आवाज न ओशाळता. ‘प्लीज जरा’ वगैरे जोडलं की समोरचा त्याची चर्चा करतो.

गॉगल घाला. “तुम्हाला कशाला गॉगल?” हा विनोद प्रत्येकाला आपणच शोधून काढल्यासारखा वाटतो. बॅटरीचं ॲसिड आणि गंजाची कपची डोळ्याची दृष्टी तपासून उडत नाही. शिवाय अनेकांना थोडा उजेड, थोड्या सावल्या दिसतात. तेवढंही गमवायचं कारण नाही. चावी खिशात ठेवा, आणि तरीही रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब, कारण काही गाड्यांत इंजिन गरम असलं की तो गाडी बंद असतानाही आपोआप फिरतो. रेडिएटरच्या वरच्या पाइपला कापड धरून चिमटा घ्या. पाइप टणक लागला तर आत दाब आहे, टोपी उघडायची नाही. आणि पाइप मऊ लागला तरी इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय टोपीला हात नको.

आता ते नेहमीचे प्रश्न. “लाल वायर कोणती, काळी कोणती, कसं कळणार?” रंग लागतच नाही. बॅटरीचा प्लस खांब मायनसपेक्षा जाड असतो. बारीक खांबांच्या बॅटरीत सुमारे १४.७ आणि १३ मिलिमीटर, मोठ्या खांबांच्या बॅटरीत बुडाशी १९.५ आणि १७.९. क्लॅम्प चढवलेला असताना फरक कमी जाणवतो, म्हणून एकदा क्लॅम्प काढलेले असताना दोन्ही खांब चिमटीत धरून बघा आणि प्लसच्या क्लॅम्पवर इन्सुलेशन टेपचे तीन वेढे द्या. मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. उलटं केलं आणि प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, पाना चिकटूही शकतो. घड्याळ आणि अंगठी आधीच काढलेली असू द्या. फ्यूज तपासायलाही डोळे नकोत. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे बिंदू असतात. सर्किट बंद ठेवून मल्टिमीटर बझरवर (जोड सलग असला की वाजतो) लावा आणि दोन्हींवर टोकं टेकवा. शंका असेल तर फ्यूज उपसून त्याच्या दोन पायांवर पुन्हा बघा. आवाज आला नाही तर फ्यूज उडालाय.

चाक बदलताना जमाव सर्वात मोठा जमतो. हँडब्रेक लावा, पहिला गिअर टाका, आणि तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून विटा लावा. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, गाडी उचलल्यावर चाक फिरतं. दाराखालच्या पट्टीवर दोन खाचा बोटाला लागतात, त्यांच्या मध्ये जॅक. उचलल्याबरोबर स्टेपनी पट्टीखाली आडवी सरकवा. जॅक घसरला तरी गाडी हातावर येत नाही. फक्त जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, त्यासाठी स्टँड. नटाची निमुळती बाजू आत आहे ना, हे प्रत्येक नटाला बोटाने बघा. आधी सगळे नट हाताने बसवा, मग जॅक उतरवून समोरासमोरच्या क्रमाने आवळा.

इथे कोणीतरी “बघू, मी आवळून देतो” म्हणत पान्यावर पाय देतो. हे थांबवाच. पायाच्या जोराने स्टड ताणला जातो, आटे जातात आणि पुढच्या पंक्चरला तो नट सुटत नाही. क्लिक करणारा टॉर्क पाना घ्या, म्हणजे ठरवलेला जोर आला की ‘टक्’ वाजणारा. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. मुठीची फिरकी सर्वात खालच्या आकड्यापासून किती फेरे फिरवल्यावर तो आकडा येतो, ते डोळस माणसाकडून एकदाच मोजून घ्या. काम संपलं की फिरकी परत खाली, नाहीतर आतली स्प्रिंग सुस्तावते. पाय देणाऱ्याला तो ‘टक्’ ऐकवा. तो गप्प होतो, कारण त्याच्याकडे तसा पुरावा नसतो. त्यानेही नट डोळ्यांनी आवळला नव्हता. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा ‘टक्’ ऐका.

ऑइल बदलताना “सांडेल” ही भीती निदान खरी असते. इंजिन कोमट ठेवा, गरम नको. खाली पाच लिटरचा ट्रे. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट शेवटच्या आट्यांत आत दाबून फिरवा आणि एका झटक्यात बाजूला घ्या. दाबून धरला नाही तर ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येतं. वायसर नवा. जुना फिल्टर काढला की बसण्याच्या जागेवरून बोट फिरवा, कारण जुनी रबरी रिंग तिथेच चिकटून राहते. तिच्यावर दुसरी रिंग बसली तर इंजिन चालू होताच ऑइल बाहेर. बऱ्याचदा हे डोळसांकडूनच होतं, कारण ते वरून बघतात, बोट फिरवत नाहीत. नव्या रिंगला ऑइल चोपडून, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. तीन लिटर ऑइलचं वजन साधारण अडीच किलो भरतं, म्हणून बोलणारा किचन काटा असेल तर कॅन तोलून ओता. शेवटचं पाव किलो राखून ठेवा. इंजिन चालू करताना कोणाला तरी एकच विचारा: “लाल ऑइलचा दिवा विझला? हो की नाही?” मिनिटभराने बंद करा आणि पाच मिनिटं थांबा. डीप स्टिकवरच्या दोन खुणा नखाला लागतात. काडी टिश्यूवर टेकवली की ओलसर भाग कुठपर्यंत येतो ते बोटाने कळतं. मग नटाखाली कोरडा कागद फिरवून बघा.

डोळे उसने घेताना प्रश्न बंद ठेवा. “धूर कसा येतोय?” याला “थोडा येतोय” एवढंच उत्तर मिळतं. “निळा, काळा की पांढरा?” असं विचारा. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि गरम इंजिनातून सतत पांढरा म्हणजे कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आत शिरतंय. ‘इथे’, ‘तिकडे’ बंद. घड्याळ वापरायला लावा: “बॅटरी बारा वाजता धरली तर नट चार वाजता.” हेडलाइटची दिशा, रंगीत वायरिंग, पेंटखालचा गंज ही कामं सरळ दुसऱ्याला द्या. त्यात कमीपणा नाही. वायरिंग काय, रंग नीट न ओळखणारा डोळसही दुसऱ्यालाच देतो.

स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवरचा माणूस सोबत्याला विचारतो, “यांना काय हवंय?” सोबत्याला आधीच सांगून ठेवा की उत्तर द्यायचं नाही, एक पाऊल मागे सरकायचं. तुम्ही जुना पार्ट काउंटरवर ठेवा आणि मॉडेल, वर्ष, इंधन सांगा. अडलं तर सतरा आकडी-अक्षरी चॅसी नंबर फोनमधून वाचून दाखवा. नवा पार्ट हातात घेऊन जुन्याशी जुळवा: फिल्टरच्या रिंगचा व्यास, प्लगच्या आट्यांची लांबी. आटे लांब असले तर प्लग पिस्टनला टेकू शकतो. दुकानदाराचा सूर बदलतो तो इथे, पार्टचं नाव आणि माप अचूक ऐकल्यावर. अपंगत्वाचा उल्लेख करून तो बदलत नाही.

गॅरेजला गाडी देताना बदलायच्या पार्टवर कानसेने एक चीर आधी ओढा किंवा नेलपेंटचा जाड थेंब सुकवा. परत घेताना “जुना पार्ट हातात द्या” म्हणा, आणि गाडीवर “बोट ठेवून दाखवा”. चीर गाडीवरच सापडली तर बिलावर बोलता येतं. चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही. बिघाड सांगताना आवाज नुसता ‘कटकट’ म्हणू नका, कधी येतो ते सांगा. स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक म्हणजे बहुधा सीव्ही जॉइंट, चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा. वेगाबरोबर चढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर म्हणजे व्हील बेअरिंग. ब्रेक दाबल्यावरची किंचाळी म्हणजे पॅड बघायची वेळ. गाडी दुसऱ्याने चालवावी, कान तुमचे.

“चालवता येत नाही, मग काय उपयोग?” याला लांब उत्तर देऊ नका. क्रूझ कंट्रोलचं पेटंट १९५० चं, राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरच्या नावावर, आणि लहानपणी अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. १९३६ मध्ये ते तिथल्या ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स सोसायटीचे अध्यक्षही होते. मुंबईत दृष्टिहीन नॅव्हिगेटरांच्या कार रॅली झाल्या आहेत, त्यात ब्रेल रूटशीट वाचून ड्रायव्हरला वळणं सांगायची असतात. हौस असेल तर तिथे बसा, पण ड्रायव्हरशी आधी ठरवा की रस्ता ओळखीचा वाटला तरी तो तुम्ही सांगाल तेव्हाच वळेल.

“कमाल आहे तुमची!” म्हणणाऱ्याला “हो, तो टॉर्च जरा बाजूला धरा, डोकं आपटतंय” एवढं पुरे.

सोसायटीची समिती ‘तुमच्या सुरक्षेसाठी’ म्हणून मनाई करते तेव्हा मूळ तक्रार बहुधा डागांची असते. जाड ताडपत्री, वर भुसा किंवा वाळू, काम दिवसा, आणि वापरलेलं ऑइल झाकणाच्या कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला. हे लेखी कळवा. ऑइल गटारात गेलं तर समितीला कारण फुकट मिळतं.