कोडायचं दुसरं क्वार्टेट पहिल्यांदा ऐकताय? मग असं ऐका

हंगेरियन संगीतकार बार्टोकची सहा क्वार्टेट्स (दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो अशा चार वाद्यांसाठीच्या रचना) ऐकलेले लोक भेटतात, पण त्याच्या दोस्तानं, झोल्तान कोडायनं पण दोन लिहिलीत हे फार कुणाच्या गावीही नसतं. त्यातलं दुसरं घ्या, ओपस १० (ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक), १९१६ ते १९१८ मधलं. दोनच भाग, १८ मिनिटांच्या आसपास, म्हणजे फार वेळ पण जात नाही.

आधी सर्चचा घोळ. नुसतं 'कोडाय क्वार्टेट' टाकलंत तर त्याच नावाचा हंगेरियन ग्रुप समोर येतो आणि तो बहुतेक हायडन या जुन्या संगीतकाराच्या रचना वाजवत असतो, त्यामुळे ओपस १० टाकायचंच. हागेन क्वार्टेट या ग्रुपचं रेकॉर्डिंग मिळालं तर उत्तम. आणि प्लीज हेडफोन लावा, लॅपटॉपच्या स्पीकरवर चेलो, म्हणजे खालच्या सुरांचं मोठं व्हायोलिनसारखं वाद्य, निम्मा गायब होतो.

आता माझा उलटा सल्ला, दुसऱ्या भागापासून सुरू करा. क्रमानंच ऐकावं म्हणणारे म्हणोत बापडे, पण पहिला भाग जरा निसरडा आहे, एक धून हाताला लागतेय तोवर दुसरीत मिसळून जाते आणि नवा माणूस कंटाळतो. दुसऱ्याच्या सुरुवातीला व्हायोलिन नुसतं बोलल्यासारखं वाजतं, तिथे ताल मोजत बसू नका, सापडणार नाही. कोडाय आणि बार्टोक १९०५ नंतर खेडोपाडी फिरून फोनोग्राफच्या मेणाच्या नळकांड्यांवर लोकगीतं उतरवून घेत होते, त्यातली बरीच जुनी गाणी ठेक्यावर नाही तर शब्दांच्या ओघात म्हणायची असायची, ते बोलणं इथे आलंय. पुढे लय पकडली की मग नाचाच्या धुना एकामागून एक, वेग मध्येच बदलतो, बदलू द्या.

अजून एक. जुन्या हंगेरियन गाण्यांत पाच सुरांची चौकट फार, सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपल्या धानी रागाचेच सूर! ऐकायच्या आधी थोडा धानी गुणगुणून घ्या, कान पटकन लागतो. फक्त राग शोधायला जाऊ नका, खालची हार्मनी, म्हणजे धुनेसोबत वाजणारे इतर सूर, कधी भलतीकडे नेईल सांगता येत नाही.

दुसऱ्यांदा ऐकताना व्हायोलिन सोडा आणि फक्त चेलोच्या मागे जा, मग पहिला भाग. आवडलं तर पहिलं क्वार्टेट, ओपस २, पण ते दुपटीहून लांब आहे, निवांत वेळ असेल तेव्हाच लावा.