कापूस जिनिंगला न्यायच्या आधी ट्रॅक्टरचे कागद काढून वाचा

दिवाळी झाली की आमच्या राळेगाव तालुक्यातून कापसाच्या ट्रॉल्या जिनिंगकडे निघतात. माझा घरचा ट्रॅक्टर आहे. हंगामाआधी आरसी, लायसन्स आणि पॉलिसी मी ओट्यावर मांडून वाचतो. तुम्हीही वाचा. पॉलिसी घरोघरी असते, पण उघडून पाहणारे कमी.

पॉलिसीत आधी मुदत पाहा. मग ट्रॉली. तिचा नोंदणी नंबर वेगळा असतो, तो पॉलिसीत आला आहे का ते बघा. मग वापर काय लिहिलाय तो. शेतीसाठी लिहिलं असेल आणि तुम्ही भाड्याने रेती-विटा वाहत असाल, तर अपघात झाल्यावर कंपनी तिथेच बोट ठेवते. विमा नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड आहे, पण तो किरकोळ. कोणी दगावलं तर भरपाई मालकाच्या अंगावर येते, शेत विकायची पाळी येते.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वेचणीच्या बायांसाठी. सकाळी ट्रॉलीत उभ्या, संध्याकाळी कापसाच्या ढिगावर बसलेल्या. ट्रॅक्टरला सीट एकच, ड्रायव्हरची. मडगार्ड म्हणजे सीट नव्हे. अशा बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, असे सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. बायांना ऑटोने आणा, भाडं आपण द्या.

लायसन्स १८ वर्षांशिवाय नाही. "गावातल्या गावात तं चालवते पोट्टा," असं म्हणू नका, पांदण संपली की डांबरी रस्ता लागतोच. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. मुलगा १८ चा झाला की आधारवर घरूनच ऑनलाइन लर्निंग काढा. ते ६ महिने चालतं. ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येते.

आता रेडियम. ट्रॉली भरली की कापूस फळ्यांच्या बाहेर फुगतो, वरची ताडपत्री मागच्या लाइटवर लोंबते आणि मागून येणाऱ्याला काळोखात काहीच दिसत नाही. ताडपत्री लाइटच्या वर आवळून बांधा. मागे लाल रेडियम खालच्या दोन्ही कोपऱ्यांत लावा, आणि निघताना ओल्या फडक्याने पुसा, मातीखाली ते चमकत नाही. रस्त्यात टायर बसला तर चाकाला लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाका. रात्री मोटारसायकलवाला त्यावरच जातो.

अपघात दिसला तर १०८ लावा. मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्याच्यासाठीच आहे. घरच्याला लागलं असेल तर एफआयआर आणि पंचनाम्याची नक्कल घ्या. मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा ६ महिन्यांच्या आत लावायचा असतो, म्हणून वकिलाकडे पहिल्याच महिन्यात जा.