मातीच्या धुपेचा अंदाज बांधताना या चुका टाळा

शेतातील मातीची धूप काढायची म्हटली की आपल्याकडे अजूनही बहुतेक जण विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांच्या समीकरणाकडेच वळतात. पावसाचा मारा, मातीचा स्वभाव, उतार, पीक आणि बांधबंदिस्ती यांचे आकडे एकमेकांना गुणले की दर वर्षी हेक्टरी किती टन माती जागा सोडते, याचा अंदाज हाती येतो. सगळा मामला गुणाकाराचा असल्यामुळे एका आकड्यातील चूक थेट उत्तरात उतरते. मात्र या उत्तरांचा नकाशा रंगीत आणि देखणा निघाला की ती शोधण्याची तसदी कोणी घेत नाही.

सर्वांत जास्त वैताग आणणारी चूक पिकाच्या आकड्याची आहे. सोलापूर जिल्ह्यातील एका पाणलोटाचे काम आमच्याकडे आले होते. पावसाळ्यातील उपग्रह चित्रांवर ढग असतात, म्हणून आमच्या तरुण सहकाऱ्याने डिसेंबरचे स्वच्छ चित्र घेतले, त्यातील हिरवेपणावरून पिकाचा आकडा काढला आणि दोन दिवसांत नकाशा तयार केला. त्यात भारी काळी राने सुरक्षित दिसत होती. नकाशा गावात दाखवला तेव्हा एक वयस्कर शेतकरी हसून म्हणाले, “साहेब, पाऊस पडतो तवा ज्वारी कुठं असते? तवा रान मोकळंच असतंय की.” त्यांचे म्हणणे शब्दशः खरे होते. रब्बी ज्वारीचे रान जून ते सप्टेंबर कुळवाच्या पाळ्या घालून मोकळे ठेवलेले असते, त्या भागातला बहुतेक पाऊस त्याच महिन्यांत पडतो आणि सप्टेंबरच्या सरी तर चांगल्याच जोरकस असतात. नांगरून उघडी ठेवलेली जमीन म्हणजे या समीकरणात पिकाचा आकडा जवळजवळ १, म्हणजे मातीला आच्छादनाचे संरक्षण जवळजवळ नाहीच. आम्ही मात्र पाऊस संपल्यावर उगवलेल्या ज्वारीची हिरवळ पाहून त्याच्या कितीतरी खालचा आकडा धरला होता.

तेव्हापासून कोणतेही चित्र उघडण्याआधी मी गावात बसून पंधरवड्यांचा तक्ता भरतो: कुळव कधी, पेरणी कधी, काढणी कधी, कडबा रानातून कधी हलतो. प्रत्येक पंधरवड्यातील आच्छादनाला त्या पंधरवड्यातील पावसाच्या माऱ्याचा वाटा लावून मगच वर्षाचा आकडा काढतो. मूळ पद्धत हीच आहे. सरासरी हिरवेपणा हा घाईत असलेल्यांनी काढलेला आडमार्ग आहे, आणि ज्या प्रदेशात पीक पावसानंतर उभे राहते तिथे तो हमखास फसवतो.

दुसरी चूक एककांची. पावसाच्या माऱ्यासाठी आपल्याकडे एक भारतीय सूत्र सर्रास वापरले जाते: वार्षिक पावसाच्या मिलिमीटरना ०.३६३ ने गुणून त्यात ७९ मिळवायचे. ७०० मिलिमीटरला ते ३३३ देते. हे उत्तर जुन्या मेट्रिक एककात आहे; मेगाज्यूलच्या हिशेबात आणायचे तर त्याला ९.८१ ने गुणावे लागते, म्हणजे सुमारे ३,२७०. पावसाचा आकडा जुन्या एककात आणि मातीचा आकडा नव्या एककात घेतला, तर धूप जवळपास दहापट कमी दिसते. असे एक प्रकरण माझ्याकडे तपासणीला आले होते; ओघळींनी चिरलेल्या रानाची धूप त्यात हेक्टरी एक टनसुद्धा नव्हती, आणि विद्यार्थ्याला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते. मी तर कोणत्याही आकड्याशेजारी एकक लिहिलेले नसेल तर तो कागद परत पाठवतो.

उतार टक्क्यांत आहे की अंशांत, हे एकदा पाहून घ्यावे. उताराची लांबी काढताना प्रवाहसंचय, म्हणजे वरून वाहत येऊन साठत जाणाऱ्या पाण्याचा हिशेब, नाल्यापर्यंत तसाच वाढू दिला तर नाल्याचे पात्रच सर्वाधिक धुपणारे शेत ठरते; या समीकरणाचा प्रमाण वाफा, म्हणजे ज्याच्याशी तुलना करून ते बेतले आहे तो जमिनीचा तुकडा, अवघा २२.१३ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा आहे, त्याला घळी आणि नाले कळत नाहीत. तीस मीटरच्या उंचीनकाशात शेताचा बांध दिसत नाही, तेव्हा बांधाचे श्रेय द्यायचे तर आधी तो चालून पाहावा, कारण फुटलेला बांध सगळे पाणी एकाच खिंडारातून काढतो आणि नसलेल्या बांधापेक्षा जास्त नुकसान करतो. दीर्घकाळाची सरासरी सांगणाऱ्या समीकरणाला कालच्या एका पावसाचा जाब विचारू नये. तसेच निघालेले टन थेट पाझर तलावातील गाळाशी ताडून पाहू नयेत. सुटलेली बरीच माती वाटेतच, बांधाच्या वरच्या अंगाला बसते.

उत्तर हाती आले की मी ते मिलिमीटरमध्ये बदलतो. हेक्टरवरचा एक मिलिमीटर थर म्हणजे साधारण १३ टन माती. नकाशा हेक्टरी २०० टन सांगत असेल तर वर्षाला १५ मिलिमीटर, म्हणजे वीस वर्षांत फूटभर जमीन गेलेली असायला हवी, आणि मग ती खरोखर गेली आहे का ते पाहायला रानात जावे लागते. तिथे सळई ठोकून मोजण्याचा मोह काळ्या जमिनीत आवरावा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईच वरखाली होते. मी जुन्या बाभळीची उघडी पडलेली मुळे पाहतो आणि तिचे वय त्या रानाच्या मालकाला विचारतो.