दोनशे चिंचोके आणि दोन फासे

गेल्या कोजागरीला आमच्या कोथरूडच्या गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा मी शेजारीच क्रॅप्सचं, म्हणजे कसिनोतल्या फाशांच्या खेळाचं, टेबल मांडलं. टेबल म्हणजे जुना पांढरा पलंगपोस. त्यावर मार्करने चौकटी आखलेल्या. फासे तुळशीबागेतून आणलेले, ल्यूडोचे, एक लाल आणि एक पांढरा. पैशांच्या जागी चिंचोके, प्रत्येकी दोनशे, मोजून. तेहेतीस वर्षं बँकेत कॅशियर होते, त्यामुळे मोजून म्हणजे मोजूनच. कोजागरीला जागरणासाठी फासे खेळायची रीत आपल्याकडे जुनीच आहे, म्हणून सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. उलट खुर्ची ओढून पुढे बसल्या.

निमित्त माझ्या भाच्याचं. ऑफिसातली टोळी गोव्याला निघाली होती आणि त्याला कसिनोचे वेध लागले होते. ‘मावशी, तू अमेरिकेत खेळलीस ना? ते फाशांचं काय असतं?’

खेळले होते, एकदाच. लेकीकडे गेले होते, तेव्हा जावयांनी लास व्हेगस दाखवलं. साठ डॉलरच्या चकत्या घेतल्या आणि वीस मिनिटांत चाळीस घालवले. हरल्याचं दुःख नव्हतं. पण पैसे नेमके कुठल्या खिडकीतून गेले तेच कळलं नाही, आणि कॅशियरला हे सहन होत नाही. एक उदाहरण सांगते. जावई म्हणाले, ‘आई, हार्ड एटवर पाच लावा, मजा येते.’ लावले. फासे पडले पाच आणि तीन. आठ आला म्हणून मी टाळी वाजवली, आणि लांब काठीवाल्या माणसाने माझी चकती शांतपणे उचलून नेली. पुण्यात परत आल्यावर वही घेऊन बसले तेव्हा उलगडा झाला. त्या वहीतलं हे सगळं.

आधी फासे. दोन फाशांची एकूण छत्तीस दानं. म्हणूनच मी दोन रंगांचे फासे घेते. लाल दोन-पांढरा पाच आणि लाल पाच-पांढरा दोन ही दोन वेगळी दानं, हे त्याशिवाय डोळ्यांना पटत नाही. सात येण्याच्या सहा तऱ्हा. सातपासून एकेक घर लांब गेलं की एकेक तऱ्हा कमी. म्हणजे सहा आणि आठच्या पाच-पाच, पाच आणि नऊच्या चार-चार, चार आणि दहाच्या तीन-तीन, तीन आणि अकराच्या दोन-दोन, दोन आणि बाराची एकेकच. हे पाठ करा. पुढचं सगळं यातूनच निघतं. महाभारतात ऋतुपर्ण राजा आधी बेहड्याच्या झाडाची पानं-फळं बसल्या जागी मोजून दाखवतो आणि मगच नळाला फाशांची विद्या देतो. जुने फासेही बेहड्याच्या फळांचेच असत. ते असो.

आता डाव. सगळ्यात मुख्य पैज म्हणजे पास लाइन. पलंगपोसाच्या कडेने एक लांब पट्टी आखा, तिच्यावर चिंचोके ठेवा. पहिल्या दानाला सात किंवा अकरा आले की तुम्ही जिंकलात, जेवढे लावले तेवढेच वर मिळतात. दोन, तीन किंवा बारा आले की गेले. यांपैकी काहीच न येता चार, पाच, सहा, आठ, नऊ किंवा दहा आला तर तो आकडा ‘पॉइंट’ झाला. मग फासे टाकत राहायचे. सातच्या आधी पॉइंट परत आला तर जीत, पॉइंटच्या आधी सात आला तर हार. मधले बाकीचे आकडे पास लाइनच्या हिशेबात धरायचेच नाहीत. पॉइंट ठरला की नाही ते दाखवायला कसिनोत एक तबकडी असते, काळी बाजू वर म्हणजे बंद, पांढरी वर म्हणजे चालू. आम्ही कॅरमची सोंगटी वापरली. काळी बाजूला ठेवली होती, पॉइंट ठरला की पांढरी त्या आकड्यावर.

लक्षात घ्या, सात हा पहिल्या दानाला मित्र आणि नंतर वैरी. समोरच्या काकूंना हे समजायला तीन डाव लागले, भाच्याला पाच.

पहिल्या दानाला तुमच्या बाजूने आठ तऱ्हा आहेत, विरुद्ध चारच. पॉइंट ठरल्यावर मात्र पारडं फिरतं. पॉइंट चार असेल तर तीन तऱ्हा तुमच्या, सहा सातच्या. म्हणून कसिनो पॉइंट ठरल्यावर पास लाइनवरची पैज उचलू देत नाही. मलई तुम्ही खाल्लीत, आता ताकही प्या. सगळं मिळून हिशेब असा बसतो की ४९५ डावांत २४४ जिंकायचे आणि २५१ हरायचे. सात डावांचा फरक, म्हणजे शंभर चिंचोक्यांमागे सुमारे १.४१ कसिनोकडे जातात. जुगारी याला नाल म्हणतील, मी बँकेतली, मी वटाव म्हणते. प्रत्येक पैजेचा वटाव काढायचा, एवढंच काम.

पास लाइनच्या उलट डोन्ट पास. फासे टाकणाऱ्याच्या विरुद्ध लावायचं. पहिल्या दानाला दोन-तीन आले तर जीत, सात-अकराला हार, आणि पॉइंटनंतर सात आला की जीत. पूर्ण उलटं असतं तर फायदा आपलाच झाला असता. म्हणून एक पाचर मारलेली आहे, पहिल्या दानाला बारा आला तर बरोबरी, पैसे जागच्या जागी. त्या एका दानावर कसिनो तगतो. वटाव १.३६, पास लाइनपेक्षाही किंचित कमी. पण सगळं टेबल एका बाजूने ओरडत असताना तुम्ही एकटे सातची वाट बघत बसता. आमच्या ह्यांना हीच जागा आवडली. घरातल्या चर्चेतही ते तिथेच असतात.

कम ही पैज म्हणजे पास लाइनच, फक्त डाव चालू असताना मधूनच सुरू केलेली. पुढचं दान तिच्यासाठी पहिलं दान. वटाव तोच.

आता खरी गंमत. पॉइंट ठरल्यावर पास लाइनच्या मागे आणखी चिंचोके ठेवता येतात, त्याला ऑड्स म्हणतात. चार किंवा दहा पॉइंट असेल तर एकास दोन मिळतात, पाच-नऊला दोनास तीन, सहा-आठला पाचास सहा. आता तऱ्हा मोजा. चारच्या तीन, सातच्या सहा, म्हणजे एकास दोन हाच न्याय्य भाव. पाचच्या चार विरुद्ध सहा, भाव दोनास तीन. सहाच्या पाच विरुद्ध सहा, भाव पाचास सहा. जसा धोका तसाच मोबदला, वटाव शून्य! कसिनोत असं काही असेल यावर माझा विश्वास बसेना, म्हणून तीनदा मांडून पाहिलं. आणि बघा, या पैजेची चौकट टेबलावर छापलेलीच नसते. ज्याला ठाऊक आहे तो ठेवतो. आपल्याकडे व्याज माफीची सोय फॉर्मच्या पाठीमागे बारीक अक्षरात असते ना, तसंच.

ठेवताना मात्र पाच-नऊला सम संख्या आणि सहा-आठला पाचाच्या पटीत ठेवा, नाहीतर पूर्णांकात मोबदला बसत नाही आणि अपूर्णांक कसिनोच्या खिशात जातो. किती ठेवायचे याला मर्यादा असते. बऱ्याच ठिकाणी चार-दहाला मूळ पैजेच्या तिप्पट, पाच-नऊला चौपट, सहा-आठला पाचपट. ऑड्समुळे पास लाइनचा वटाव काही माफ होत नाही, तो कापला जातोच. शिवाय चिंचोके जास्त लागल्यामुळे चढउतार मोठे होतात. भाच्याने पाचपट ठेवले आणि लागोपाठ तीन सात पाहिले. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ज्यांना पॉइंटची वाट बघायची नसते ते प्लेस लावतात, थेट एखाद्या आकड्यावर. तो आकडा सातच्या आधी आला की जीत. सहा आणि आठला सहास सात मिळतात. सहा चिंचोके लावा. निकाल लागणारी अकरा दानं धरा. पाचदा सहा येईल, पाच साती पस्तीस मिळाले. सहादा सात येईल, साही साही छत्तीस गेले. सहासष्ट चिंचोके लावून एक गेला, म्हणजे शेकडा १.५२. चांगली पैज आहे. पाच-नऊला पाचास सात, तिथे वटाव शेकडा चार. चार-दहाला पाचास नऊ, तिथे ६.६७.

याच सहा-आठची एक जुळी बहीण काही टेबलांच्या कोपऱ्यात मोठ्या रंगीत अक्षरांत असते, बिग सिक्स आणि बिग एट. नियम तोच, सातच्या आधी सहा. पण मोबदला जेवढ्यास तेवढा. आता पुन्हा तीच अकरा दानं. पाच सक तीस मिळाले, छत्तीस गेले, सहासष्टात सहा गेले. वटाव बरोबर सहापट, कारण फक्त चौकट मोठी रंगवलेली. लक्ष्मी रोडवर एकाच साडीचे दोन दुकानांत दोन भाव बघून आपण दहा मिनिटं भांडतो, इथे मात्र माणसं हसत हसत ठेवतात.

फील्ड ही एका दानाची पैज. दोन, तीन, चार, नऊ, दहा, अकरा, बारा आले की जीत. अकरापैकी सात आकडे आपले! सासूबाईंना फार आवडली. पण तऱ्हा मोजल्या तर सोळाच, विरुद्ध वीस. दोन आणि बाराला दुप्पट देऊनही शेकडा ५.५६ जातात. दोन किंवा बारापैकी एकाला तिप्पट देत असतील तर २.७८. म्हणून फील्डच्या चौकटीत काय छापलंय ते वाचूनच हात पुढे करा.

आता टेबलाचा मध्य, जिथे फाशांची सुंदर चित्रं असतात आणि काठीवाला ओरडून ओरडून पैजा मागतो. माझी चाळीसपैकी बरीच रक्कम इथे गेली. हार्ड एट म्हणजे चार-चार जोडी येऊनच आठ व्हायला हवा. पाच-तीन आला तर आठ असूनही हार, सात आला तरी हार. जिंकायची तऱ्हा एक, हरायच्या दहा: सातच्या सहा आणि साध्या आठच्या चार. न्याय्य भाव एकास दहा, मिळतात नऊ. वटाव ९.०९. हार्ड सिक्सचंही तेच. हार्ड फोर आणि हार्ड टेनला जिंकायची एक, हरायच्या आठ, मिळतात सात, वटाव ११.११.

इथे छपाईची एक चलाखी असते. काही टेबलांवर ‘एकास नऊ’ऐवजी ‘एकाचे दहा’ लिहिलेलं असतं. ऐकायला जास्त वाटतं, पण त्या दहात तुमचा स्वतःचा एक धरलेला असतो. मी चष्मा लावूनही फसले, तेव्हा ‘टू’ आणि ‘फॉर’ या दोन इंग्रजी शब्दांमधला फरक बघूनच लावा.

आणि एनी सेव्हन. पुढचंच दान सात येईल, एकास चार. छत्तीस दानांत सहादा जीत, चोवीस मिळाले, तीस गेले. शेकडा १६.६७. यातही घाई आहे, ती वेगळीच. पास लाइनचा निकाल सरासरी तीन-साडेतीन दानांनी लागतो, याचा दर दानाला. दहा-दहा चिंचोके धरून शंभर दानं खेळलात तर पास लाइनवर सरासरी चार-साडेचार चिंचोके जातील, एनी सेव्हनवर एकशे सदुसष्ट. हा आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केलाय.

बाकी किरकोळ शिष्टाचार. नोटा डीलरच्या हातात देऊ नका, टेबलावर ठेवा. फासे एकाच हाताने उचलायचे आणि पलीकडच्या भिंतीला लागतील असे टाकायचे. टेबलाशी उभं राहून ‘सात’ हा शब्द मोठ्याने उच्चारू नका, लोक अपशकुन मानतात. ‘आता फार वेळ सात आला नाही, म्हणजे येणारच’ असं म्हणणाऱ्याकडे लक्ष देऊ नका. २००९ साली अटलांटिक सिटीत एका बाईंनी हार होईपर्यंत १५४ दानं टाकली होती. फाशांना वही ठेवता येत नाही.

चिंचोकेच का, असं भाच्याने विचारलंच. अरे, महाराष्ट्रात पैसे लावून असले अड्डे भरवायला बंदी आहे. कसिनोंसाठी १९७६ साली कायदा झाला होता, तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्दही झाला. आणि गोव्यात मांडवीतल्या कसिनोच्या बोटींवर हे टेबल मिळेलच असं नाही, तिथे पत्ते आणि रूलेटचा बोलबाला. पण वटाव काढायची रीत तीच: तऱ्हा मोज, न्याय्य भाव काढ, देतात किती ते बघ.

त्या रात्री बँक मीच होते. समोरच्या काकूंनी पहिल्याच दानाला एनी सेव्हन लावलं आणि सात आला. त्यानंतर त्यांनी दुसरं काही लावलं नाही. मी वही उघडून दाखवली, तर म्हणाल्या, ‘तुझा हिशेब तुझ्यापाशी, मला आज दान पडतंय.’ दुधाचा दुसरा पेला होईपर्यंत त्यांचे दोनशे माझ्या डब्यात होते. मग वीस उसने घेतले, तेही सातवर. माझ्या वहीत त्यांच्या नावावर वीस चिंचोके अजून बाकी आहेत.